कोलोनचा तो पियानो: चि. ओंकारला पत्र

सांगली

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू उत्साहाने सांगत होतास की ऑफिसच्या कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये कीथ जॅरेट या अमेरिकन जॅझ पियानोवादकाच्या कोलोन कॉन्सर्टची गोष्ट सांगितली आणि शेवटी पडद्यावर ‘संकट हीच संधी’ असं भलंमोठं लिहून दाखवलं. तू विचारलंस, "आई, ही मामाकडची तीच तबकडी ना?" हो, तीच. तेव्हा मी नुसतं हूं हूं केलं, कारण कुकर लावलेला होता आणि तुझे बाबा शेजारी बातम्यांचा आवाज वाढवून बसले होते. पण ते ‘संकट हीच संधी’ काही डोक्यातून जाईना. एवढं सगळं मोबाइलवर टाइप करायला माझा अंगठा राजी नाही, म्हणून हे पत्र. बाबा स्कॅन करून पाठवतील.

आता तू त्याच गावात, जर्मनीतल्या कोलोनला, राहतोस, म्हणून तर मला जास्तच बोलावंसं वाटतंय. ही मैफल झाली ते ऑपेरा हाउस तुझ्या ट्रामच्या रस्त्यावर असेल. ऑफनबाखप्लात्झला. पण आत जायला मिळणार नाही. २०१२ मध्ये दुरुस्तीला म्हणून बंद केलं आणि मग तारखा पुढे पुढेच जात राहिल्या. असलं फक्त आपल्याकडे होतं असं तुझ्या बाबांना वाटायचं. मी त्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते चक्क खूश झाले.

तर गोष्ट. तुला सांगितली असेल ती बरोबरच आहे, फक्त अर्धी आहे. २४ जानेवारी १९७५, शुक्रवार. कार्यक्रम ठरवणारी मुलगी होती व्हेरा ब्रांडेस, वय विशीच्याही आतलं. ऑपेरा हाउसवाल्यांनी तिला वेळ दिली ती रात्री साडेअकराची, कारण त्या संध्याकाळी त्यांचा स्वतःचा ऑपेरा होता. जॅझचा कार्यक्रम तिथे त्याआधी कधी झालेलाच नव्हता. तिकीट चार मार्क, आणि चौदाशेवर माणसं. सगळी तिकिटं संपलेली. जॅरेट स्वित्झर्लंडहून मोटारीने आलेला, बरोबर मॅनफ्रेड आयकर, म्हणजे ईसीएम या म्युनिकच्या रेकॉर्ड कंपनीचा कर्ताधर्ता. जॅरेटची पाठ धरलेली, कमरेला पट्टा, कित्येक रात्री धड झोप नाही. त्याने मागितला होता ब्यॉझनडॉर्फरचा इम्पीरियल. हा पियानो जवळजवळ दहा फूट लांब असतो, आणि इतरांच्या ८८ पट्ट्या तर याच्या ९७. वाढीव नऊच्या नऊ खर्जाच्या बाजूला. आणि मंचावर काय होतं? त्याच कंपनीचा, पण छोटा, तालमीला वापरायचा पियानो. सुरात नाही, वरचं सप्तक पत्र्यासारखं, खाली खर्जात दम नाही, पेडल नीट चालत नाहीत. दुसरा पियानो मिळण्यासारखा नव्हता. जॅरेट म्हणाला, मी वाजवत नाही. ती पोर पावसात त्याच्या गाडीपाशी उभी राहून विनवत राहिली, असं सांगतात. शेवटी तो कबूल झाला. मग पियानो दुरुस्त करणाऱ्यांनी काही तास खपून ते वाद्य निदान वाजेल एवढं तरी केलं. जेवायला नेलं तर हॉटेलात ताट येईपर्यंत उशीर, दोन घास खाऊन उठावं लागलं. आणि मग तो मंचावर जाऊन बसला आणि जे वाजवलं ते तू ऐकलंयस. लहानपणी, मामाकडे, गादीवर लोळत. आठवत नसेल.

इथपर्यंत तुमचे ट्रेनिंगवाले आणि मी एकाच गाडीत. पुढे ते म्हणतात, बघा, पियानो वाईट होता म्हणून एवढं महान वादन झालं. इथे मी उतरते.

अरे, मी उभी नोकरी शाळेत संगीत शिकवण्यात काढली. वाईट वाद्यं मला कोणी शिकवायची गरज नाही. एका तालुक्याच्या गावी स्नेहसंमेलनाला मी साथीला बसले होते. पेटीचा भाता फाटका, हवा राहायची नाही. एक पट्टी अशी की दाबली की वरच यायची नाही. सूर आपला मागे बोंबलतोय, मी डाव्या हाताने भाता मारतेय आणि अधूनमधून तोच हात आणून ती पट्टी नखाने उचलतेय. गाणाऱ्या बाईंची पट्टी काळी पाच, आणि त्या पेटीचे काळ्या पाचच्या आसपासचे सूर सगळ्यात खराब. मी ते सूर टाळून, वरच्या सप्तकात जाऊन, काय काय करून वाजवलं. आणि कार्यक्रम कसा झाला माहितेय? वाईट झाला. वाईट पेटीवर होतो तसाच. त्या गावात त्या रात्रीवर कोणी भाषण ठेवलं नाही.

म्हणून मला विचारशील तर, वाईट पियानोवर त्या रात्री जगात आणखी शेकडो लोक वाजवत असतील, आणि त्यातल्या बहुतेकांचं वादन वाईटच झालं असेल. कोलोनमध्ये जे झालं त्याचं कारण पियानोत शोधायचं तर निम्मंच सापडतं. निम्मं सापडतं हे मात्र खरं, ते मी नाकारत नाही. आयकरचंही म्हणणं असंच आहे की पियानो चांगला नव्हता, त्याच्या नादाच्या प्रेमात पडणं शक्य नव्हतं, म्हणून जॅरेटने दुसरी वाट काढली. वरचं सप्तक कर्कश, म्हणून तो बराच वेळ मधल्या सप्तकात राहिला. खर्ज भरत नाही, म्हणून डाव्या हाताने तोच तुकडा पुन्हा पुन्हा, जोर लावून वाजवत राहिला. ते कान देऊन ऐकलं की कळतं.

इथे पेटीवाल्या बाईचं एक निरीक्षण ऐक. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो. मी पट्टी दाबून चहा पिऊ शकते. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. तार ठोकली गेली, संपलं, आता तो कमीच होत जाणार. मोठ्या पियानोत तो सावकाश विरतो, खर्जाच्या लांब तारा कितीतरी वेळ घुमत राहतात. छोट्या आणि थकलेल्या पियानोत ते घुमणं नाही. मग जमीन तयार करायची कशी? पुन्हा ठोका, पुन्हा ठोका. तबल्याच्या सोलोला आम्ही लहरा धरतो ना, तेच ते सोळा मात्रांचं आवर्तन तासभर, न हलता, न कंटाळता, तसं त्याचा डावा हात करतो. उजवा हात वर तबलजीसारखा मोकळा. फक्त आपल्याकडे त्या कामाला दोन माणसं लागतात. आणि लहरा धरणाऱ्याला कोणी टाळ्या वाजवत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

पण हे सगळं सुचणं, तिथल्या तिथे, आणि ते निभावणं, ही त्या पियानोची देणगी नव्हती. तुमच्या पडद्यावर नसलेली गोष्ट आता सांगते. जॅरेट तेव्हा २९ वर्षांचा होता. जन्म १९४५ चा, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनचा. तीन वर्षांचा व्हायच्या आत पियानोवर बसला. सातव्या वर्षी रीतसर कार्यक्रम, बाख आणि मोझार्ट वाजवून शेवटी स्वतःच्या दोन रचना. पुढे जॅझमधल्या मोठमोठ्या वादकांकडे: आर्ट ब्लेकीबरोबर, मग चार्ल्स लॉइडच्या चौकडीत, मग माइल्स डेव्हिसकडे. डेव्हिसकडे त्याला विजेवर चालणारी कीबोर्डं आणि ऑर्गन वाजवावी लागली, ती त्याला आवडायची नाहीत. तिथून सुटल्यावर त्याने विजेचं वाद्य बहुतेक सोडूनच दिलं. १९७१ मध्ये ऑस्लोला आयकरसाठी पहिली एकट्या पियानोची रेकॉर्ड केली. १९७३ मध्ये ब्रेमेन आणि लोझानला असेच एकट्याचे, काहीही आधी न ठरवता वाजवलेले कार्यक्रम झाले, ते तीन तबकड्यांत निघाले. म्हणजे कोलोनला तो येऊन बसला तेव्हा रिकाम्या हाताने मंचावर जाणं हे त्याचं रोजचं काम झालेलं होतं. पाठ दुखत असताना, झोप नसताना, उपाशीपोटी माणूस ज्याच्यावर तगतो ते आधीचं कमावलेलं असतं. तुझ्या ट्रेनरला एक दिवस तो पियानो द्यायला हवा.

आणि ‘काहीही आधी न ठरवता’ म्हणजे काय, हेही नीट समजून घे. आपण ख्यालात म्हणतो की गायक बसल्या बैठकीला विस्तार करतो. बरोबर आहे, पण त्याच्यापाशी राग असतो, ताल असतो, बंदिश असते, कुठे हरवला तर मुखडा धरून समेवर येता येतं. जॅझवाल्यांकडेही एरवी एखादी ठरलेली चाल असते, तिच्या कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्यांच्या, चौकटीत ते खेळतात. जॅरेटने ती चौकटही बाहेर ठेवली. राग कुठला ते ठरलेलं नाही, लय ठरलेली नाही, सम नाही. समोर चौदाशे माणसं आणि खाली बिघडलेलं वाद्य. मला विचार करूनही पोटात गोळा येतो.

मग त्याने सुरुवात कशाने केली? हे फार गोड आहे. ऑपेरा हाउसमध्ये मध्यंतर संपलं, आत या, असं सांगायला घंटेची एक छोटी धून वाजायची. तीच त्याने उचलली. पांढरी पाचला, म्हणजे त्यांच्या जीला, सा धर आणि वाजव: सा, प, म, सा, रे. एवढंच. तबकडीवर नीट ऐकलंस तर त्या पहिल्या सुरांवर प्रेक्षकांत खसखस पिकते तीही ऐकू येते. लोक हसले, आणि तिथून पुढे त्याच पाच सुरांचा तो काय करतो बघ. मला या गोष्टीचं कौतुक त्या पियानोच्या गोष्टीपेक्षा जास्त आहे. काहीच ठरवलं नव्हतं, तर जे त्या इमारतीत आधीच वाजत होतं ते त्याने घेतलं. त्या लोकांच्या कानात ते वर्षानुवर्षं होतं. म्हणजे चौदाशे अनोळखी माणसांशी पहिल्या पाच सुरांत ओळख.

पहिला भाग २६ मिनिटांचा आहे. त्यात बराच वेळ, दहा-बारा मिनिटं तरी, तो दोनच कॉर्डमध्ये राहतो. ए मायनर, जी मेजर. पुन्हा ए मायनर, पुन्हा जी. तुझ्या पांढरी पाचच्या हिशेबाने रे वर जातो आणि सा वर येतो, बस्स. कधी लय सोडून, आलापासारखं. कधी पाय आपटत, चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यांच्या ठेक्यात. दोन कॉर्ड! आमच्या शाळेत हार्मोनियमच्या पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा दोन कॉर्डला कंटाळून तिसरी दाबायची. घाई असते रे. आपल्याला येतंय ते सगळं पहिल्या पाच मिनिटांत दाखवून मोकळं व्हायचं असतं. ज्याला आयुष्यभर सगळं येतंय, तो माणूस दोन कॉर्डवर थांबून राहतो, तिथे अजून काही आहे का हे ऐकत. मोठ्या गवयांच्या बिलंपतात हेच होतं बघ. पाच मिनिटं झाली तरी बाई षड्ज-रिषभ-गंधारातच, आणि तुम्ही हलत नाही. त्या भागाच्या शेवटची सहाएक मिनिटं मात्र तो ए मेजरमध्ये येतो आणि सगळं मोकळं होतं. तिथे तुझे बाबाही वर्तमानपत्र खाली ठेवतात. ही मोठी दाद समज.

दुसऱ्या भागाची सुरुवात डी मेजरमधली, डाव्या हाताचा तोच तो खर्जातला तुकडा धरून. मान डोलवायला लावणारी. हा भाग खरं तर सलग वाजवलेला, पण तबकडीला पाठ-पोट असतं म्हणून तोडला. त्यामुळे मामाकडे आम्ही ऐन रंगात उठून तबकडी बदलायचो. तू फोनवर ऐकशील तर ती कटकट नाही. मधला जो तुकडा आहे, एफ शार्प मायनरमधला, तो मला लांबलेला वाटतो, स्पष्टच सांगते. सुरुवात छान, पण पुढे काही मिनिटं तो शोधत असतो आणि सापडत नसतं. मामाला हे पटायचं नाही, आमचं भांडण व्हायचं. पण मला ते शोधणं खटकत नाही. जे खरंच बसल्या बैठकीला होतं त्यात अशी मिनिटं येणारच, आणि त्याने ती कापून टाकली नाहीत. शेवटी वन्स मोअर आहे, जेमतेम सात मिनिटांचा. ती चाल मात्र त्याने आधी रचलेली होती. चौथ्या बाजूला तेवढंच.

आणि ते कण्हणं! लहानपणी तू विचारायचास, "हा काका का रडतोय?" जॅरेट वाजवताना गुणगुणतो, हुंकारतो, मधूनच आरोळीसारखं काहीतरी करतो, पाय आपटतो. पुष्कळांना याचा राग येतो. मला नाही येत. साथीला बसून बसून मला गवयाचे श्वास, खाकरणं, मांडीवरची थाप, सगळं गाण्याचाच भाग वाटायला लागलंय. गळ्यात जे चाललंय त्याच्या मागे हात धावतायत, हे त्याच्या आवाजावरून कळतं. आपल्याकडे गायकी अंगाने वाजवणं म्हणतात ते याहून काय वेगळं असतं?

मामाकडे ही तबकडी आली कशी तेही सांगून ठेवते, कारण आता त्याच्या मागे विचारायला कोणी नाही. तो बोटीवर होता हे तुला ठाऊक आहे. १९७८ पासून मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली, रंगभवनला. किनाऱ्यावर असला की तो हटकून जायचा. तिथे त्याला हा नाद लागला, आणि मग युरोपातल्या कुठल्या तरी बंदरात त्याने ही जोडतबकडी घेतली. वेष्टनावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर कुरळ्या केसांचा, मान खाली घातलेला माणूस. आमची आई म्हणजे तुझी आजी म्हणाली, "याला काय झालंय?" मामा म्हणाला, "काही नाही, वाजवतोय." पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला जॅझ म्हणजे काय याचा पत्ता नव्हता. पण डावा हात कळला. त्या दिवसापासून वर्गात मुलांना लहरा शिकवताना मी डोक्यात हे धरून शिकवायचे. मुलांना अर्थातच सांगितलं नाही.

ही रेकॉर्ड पुढे एवढी खपली की एकट्याच्या पियानोच्या रेकॉर्डमध्ये हिच्यापुढे कोणी गेलं नाही. चाळीस लाखांच्या घरात आकडा सांगतात. त्या संध्याकाळी ध्वनिमुद्रणाचा मार्टिन वीलंड सामान मांडून बसलेलाच होता, म्हणून तर हे आपल्यापर्यंत आलं. मग पियानो शिकणारे जगभरचे लोक मागे लागले की हे नोटेशनमध्ये लिहून द्या. जॅरेट बरीच वर्षं तयार नव्हता. एका रात्री जे झालं ते त्या रात्रीचं, असं त्याचं म्हणणं. शेवटी १९९१ मध्ये पुस्तक निघालं, पण त्यातही त्याने बजावलं की कागद नव्हे, शेवटचा शब्द ध्वनिमुद्रणाचा. हे वाचलं तेव्हा मला भातखंड्यांच्या पुस्तकावर बोट ठेवून "हे नुसतं वाचून येत नाही" म्हणणारे माझे गुरुजी आठवले. कागदावर सा लिहिलेला असतो, किती थांबायचं ते नसतं.

पुढे पुढे तर तो या रेकॉर्डवर वैतागलेलाच असायचा. इतकं काय काय वाजवलं, नंतर जपानात पाच शहरांत वाजवलेलं दहा तबकड्यांत निघालं, बाख वाजवला, बासवाला गॅरी पीकॉक आणि ड्रमवाला जॅक डीजोनेट यांच्याबरोबर कित्येक वर्षं त्रिकूट चालवलं, आणि लोक आपले कोलोन, कोलोन. स्वभावानेही भला म्हणावा असा नाही. प्रेक्षकात कोणी खोकलं तर वाजवणं थांबवून बोलायचा. इटलीत पेरूजाच्या महोत्सवात २००७ मध्ये फोटो काढणाऱ्यांवर असा घसरला की महोत्सववाल्यांनी पुन्हा बोलवायचं नाही असं ठरवलं. पुढे काही वर्षांनी बोलावलं म्हणा. या माणसाला मी घरी जेवायला बोलावलं नसतं. खोकल्यावरून बोलणारा माणूस फोडणीच्या ठसक्याला काय म्हणेल! वादन ऐकायला मात्र मी जमिनीवर बसले असते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

१९९६ मध्ये त्याला थकव्याचा असा आजार जडला की पियानोजवळ जायचंही त्राण नाही. त्यातून उठताना त्याने घरच्या घरी थोड्या जुन्या, साध्या चाली वाजवून टेप केल्या, बायकोला नाताळची भेट म्हणून. तीही रेकॉर्ड पुढे निघाली. एकही दाखवेगिरीचा सूर नाही तिच्यात. मला विचारशील तर कोलोननंतर ती ऐक. मग २०१८ मध्ये दोनदा पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. २०२० मध्ये त्याने ते जाहीरपणे सांगितलं. डावा हात, ओंकार. मी हे वाचलं त्या दिवशी पेटी काढलीच नाही.

एक गोष्ट राहिली, व्हेराची. तुमच्या ट्रेनिंगमध्ये तिला ‘लीडरशिप’ की काय त्याचं उदाहरण केलं असणार. मला ती आपल्या गावातल्या मंडळांच्या पोरांसारखी दिसते. गवई आलाय, वाद्यं भलतीच आलीयत, तिकिटं विकून झालीयत, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत. अशा वेळी न रडता जो माणूस फोन फिरवत राहतो, त्याच्यामुळे मैफली होतात. पियानो दुरुस्त करणाऱ्यांची नावं तर कुणी सांगतच नाही. मिरजेला आपल्या पेटीचा भाता बदलून देणारे काका मैफलीला आले तर मागच्या रांगेत बसायचे, पण मंचावर पेटी उघडली की सगळ्यात आधी त्यांची मान वर व्हायची. कोलोनला त्या रात्री तसं कोणीतरी मागे उभं असणारच. नऊ सूर जास्तीचे असलेला पियानो हवा होता आणि हातात आला हा. तरी काही तास किल्ली फिरवत बसले.

आता तुझ्यासाठी काम. हे ट्रेनमध्ये कानात घालून ऐकू नकोस. खोलीत, रात्री, स्पीकरवर, शेजाऱ्यांना चालेल एवढ्या आवाजात. आपल्याकडे पूर्वी सवाई गंधर्वला रात्रभर बसायचे लोक, साडेअकरा म्हणजे त्यांची सुरुवात. तुला एक तास सहा मिनिटं बसायला हरकत नसावी. पहिल्यांदा उजवा हात विसर, फक्त डावा ऐक. आणि एखाद्या रविवारी नदीपलीकडे डॉइट्झला जा, तिथे श्टाटनहाउसमध्ये ऑपेरावाल्यांनी दुरुस्ती होईपर्यंत बिऱ्हाड केलंय. मध्यंतरानंतर कुठली घंटा वाजवतात ते ऐकून ये. फोनवर रेकॉर्ड करता आलं तर कर, मी पेटीवर लावून बघते.

तू घेतलेलं ते विजेचं कीबोर्ड कपाटावर ठेवलंयस की लावलंयस? लावलं असशील तर ए मायनर आणि जी, एवढंच घे, आणि अर्धा तास तिसरी कॉर्ड लावू नकोस. कितव्या मिनिटाला कंटाळलास ते खरं खरं सांग. आणि दुसऱ्या भागात मधे तुला कुठे ढिलं वाटतं तेही सांग. मामा गेल्यापासून या मुद्द्यावर भांडायला घरात कोणी नाही, बाबा सगळ्यालाच हो म्हणतात.

बाबांचे आशीर्वाद. पाठीचं दुखणं वाढलं तर डॉक्टरकडे जा, तिकडे लवकर वेळ मिळत नाही म्हणतोस, तर आजच नंबर लावून ठेव.

तुझी,
आई